थांबलेल्या हृदयाची मिनिटं

उपनगरातल्या रुग्णालयात मी हार्ट-लंग मशीन चालवतो. सर्जन महाधमनीवर क्लॅम्प लावतात, तेव्हा मेंदूला, मूत्रपिंडांना मशीन सांभाळतं; उपाशी राहतं ते फक्त हृदय. म्हणून पोटॅशियम असलेलं थंड द्रावण, म्हणजे कार्डिओप्लेजिया, सोडून आम्ही ते थांबवतो. थंडाव्यामुळेच स्नायू वाचतो, असं पुष्कळांना वाटतं. पण खरी बचत थांबण्यात आहे. धडधड बंद झाली की ऑक्सिजनची गरज सुमारे ९० टक्क्यांनी उतरते. उरलेली थंडीने आणखी घटते.

हे शहाणपण किंमत मोजून आलं. १९५५ मध्ये लंडनच्या मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवायची रीत मांडली. पुढे त्या तीव्र द्रावणानेच स्नायू जखमी होतो असं दिसलं. सौम्य प्रमाणातलं पोटॅशियम १९७०च्या दशकात परतलं.

ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या फोर्टिसमध्ये बसवलं गेलं. केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ साली केलेल्या प्रत्यारोपणांनंतर मुंबईने ४७ वर्षं वाट पाहिली होती. पोलिसांनी रस्ते मोकळे करून 'ग्रीन कॉरिडॉर' केला, कारण थंड पेटीतल्या हृदयाच्या हाती साधारण चार तास असतात. रोजच्या बायपासमध्येही असाच हिशेब चालतो, फक्त त्याचा ग्रीन कॉरिडॉर कुणाला दिसत नाही.

महाधमनीची झडप वर्षानुवर्षं अरुंद राहिली की डावा कप्पा जाड होतो आणि द्रावण आतल्या थरापर्यंत नीट पोचत नाही. करोनरी धमन्या तुंबलेल्या असल्या तर ते शिरेच्या बाजूने, उलट्या वाटेनेही द्यावं लागतं. क्लॅम्प काढल्यावरही धोका असतोच. परतलेल्या रक्ताबरोबर पेशींत कॅल्शियम शिरतं आणि स्नायू पुन्हा दुखावतो.

"ऑपरेशन चांगलं झालं ना, मग हार्ट कमजोर कसं?" आयसीयूबाहेर नातेवाईक विचारतात. ट्रोपोनिन, म्हणजे स्नायूच्या इजेची रक्तातली खूण, थोडं तर सगळ्यांचंच वाढतं. दमलेला स्नायू काही दिवसांत सावरतो. मेलेला सावरत नाही. पहिल्या रात्री दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून धीर देतानाही मी जपून बोलतो.

शिकाऊ मुलांना मी सांगतो, मिनिटं मोठ्याने सांगा. "सर, वीस मिनिटं झाली. कार्डिओप्लेजियाचा पुढचा डोस देऊ?" सर्जन बारीक टाक्यात गुंतलेले असतात. ईसीजीची रेष सरळ असते, त्यामुळे स्नायूचे हाल मॉनिटरवर उमटत नाहीत. अशा वेळी थिएटरमध्ये हृदयाच्या वतीने बोलणारं कुणीतरी असलंच पाहिजे, आणि ते काम आमचं आहे.