लहानशी आगबोट

‘आगबोट’ हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि ज्या वस्तूचा तो शब्द ती वस्तूही कोकणच्या किनाऱ्यावरून केव्हाच अंतर्धान पावली. तथापि तिचा एक वंश जगात अद्यापि सुखाने नांदत आहे. दोन-तीन फुटांच्या नौकेत खरा बॉयलर, खरी आग व खरे वाफेचे यंत्र बसवून ती तळ्यात सोडावयाची, हा छंद मुख्यत्वे इंग्लंडातला. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक काढले. त्याच शहराच्या पूर्व भागातील व्हिक्टोरिया पार्कच्या तळ्यावर १९०४ साली अशा नौकांचा स्वतंत्र क्लब निघाला. आणि स्टुअर्ट टर्नरसारख्या कारखान्यांनी यंत्राचे ओतीव भाग विकून कित्येक सुखवस्तू गृहस्थांस रात्री लेथपुढे उभे केले. आम्ही या पंथात शिरलो त्यास बरीच वर्षे झाली. त्यामुळे ‘मुलासाठी एखादे यंत्र सुचवा’ असे कोणी म्हटले की आमच्या अंगात व्याख्यान संचरते.

हा प्रश्न बहुधा उलट्या टोकाकडून विचारला जातो. लोक यंत्र पाहतात; त्यातील दट्ट्या, चक्र व चकाकणारे पितळ यांवर लुब्ध होतात; आणि बॉयलर म्हणजे काय, पाणी तापविण्याचा बंब, तो कोणताही चालेल, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः नौकेत यंत्र हा पाहुणा व बॉयलर हा यजमान. पाहुण्याची भूक यजमानाच्या ऐपतीबाहेर गेली की मेजवानी लवकर आटोपते.

हिशेब सोपा आहे. १२ मिलिमीटर व्यासाचा आणि तितक्याच धावेचा, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारा एक सिलिंडर घ्या. तो एका फेऱ्यात सुमारे २.७ घनसेंटिमीटर वाफ पितो. मिनिटास १,००० फेरे झाले तर २.७ लिटर. दाब वातावरणाहून २ बार अधिक असेल तर एवढ्या वाफेस साडेचार ग्रॅम पाणी पुरावे. प्रत्यक्षात मात्र सात ग्रॅमही सहज लागते. कारण बरीच वाफ सिलिंडरच्या थंड भिंतींवर काम करण्यापूर्वीच पाणी होऊन बसते. बॉयलरातले १५० ग्रॅम पाणी उपयोगात आणता आले, तर नौका वीस-एकवीस मिनिटे चालेल. आता ‘थोडे मोठे’ यंत्र हवे म्हणून व्यास व धाव दोन्ही दुप्पट करा. वाफ आठपट लागेल. दुकानात उभे असताना हा आठाचा पाढा कोणास आठवत नाही.

भिंती वाफ खातात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातील न्यूकॉमेनच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती जेम्स वॉट यांच्याकडे दुरुस्तीस आली. तिचा बॉयलर दिसावयास पुरेसा होता, परंतु चार-दोन झटके मारून यंत्र थांबे. आकार निम्मा केला की सिलिंडरची पोकळी अष्टमांश होते, भिंत मात्र चतुर्थांशच होते; म्हणजे यंत्र जितके लहान तितके ते प्रमाणाने अधिक उधळे. वॉट यांचा विचार येथून पुढे गेला व १७६५ साली त्यांस स्वतंत्र शीतकपात्राची कल्पना सुचली. आम्हांस एवढेच म्हणावयाचे की, खेळण्यातले यंत्र हे मोठ्या यंत्राचे आज्ञाधारक मूल नसते. त्याची प्रकृती निराळीच असते.

मग घ्यावे कोणते? ज्याचा सिलिंडरच डोलतो आणि डोलता डोलता आपली छिद्रे आपणच उघडतो-मिटतो, ते यंत्र सर्वांत साधे. जाणते त्यास नाके मुरडतात. दाब वाढला की सिलिंडर आपल्या बैठकीवरून किंचित उचलला जातो व वाफ गळते, हे खरे. परंतु कमी दाबात ते निमूटपणे काम करते. सरकत्या झडपेचे यंत्र अधिक दाब सोसते आणि दिसतेही देखणे, पण त्याची झडप जुळविणे नवशिक्याचे काम नव्हे. एका सिलिंडरचे यंत्र मात्र आम्ही नौकेसाठी सहसा सुचवीत नाही. ते नेमके मृतबिंदूवर थांबले, तर तळ्याच्या मध्यभागी जाऊन चक्रास बोट कोणी लावावे? दोन सिलिंडर, त्यांच्या भुजा काटकोनात, म्हणजे ते कोठूनही आपले आपण सुटते. हे सिलिंडर १० मिलिमीटरचे घेतले तर वर सांगितलेल्या एकाहून वाफ थोडीशीच अधिक लागते. पंखा मोठा व सावकाश फिरणारा असावा. विजेच्या मोटारीचा चिमुकला पंखा लावणे म्हणजे बैलास घोड्याची चाल शिकविणे होय.

गेल्या वर्षी आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलासाठी एक जुना बॉयलर पाहून ठेवला व बयाणा देऊन मग आमचे मत विचारले. वस्तू झळझळीत होती. परंतु पितळेची, आणि तिचे सांधे मऊ कथलाच्या डागाचे. असा डाग १९० अंशांच्या आसपास वितळतो. पात्रात पाणी आहे तोवर ठीक. पाणी आटले की सांध्यास वाली नाही. बॉयलर तांब्याचा असावा, त्यास चांदीमिश्रित डाग असावा, आणि नेहमीच्या दाबाच्या दुपटीने, गार पाणी भरून, तो तपासलेला असावा. गारच पाणी अशासाठी की ते दाबाखाली फारसे आक्रसत नाही. सांधा फुटलाच तर पाणी गळते, स्फोट होत नाही. आम्ही सांगितले, “हा कपाटात ठेवा, विस्तवावर नको.” स्नेह्यांस ते लागले. बयाणा गेला, आणि काही दिवस बोलणेही तुटक झाले.

प्रकरण मार्गी लावले ते वहिनींनी. स्नेह्यांचे प्रश्न वेगाविषयी असत, वहिनींनी विचारले, “भावोजी, ह्याला कुकरसारखी शिट्टी आहे का? ती अडकली तर? आत पाणी किती उरलं ते दिसतं कसं? आणि आटलं तर?” बॉयलरविषयी याहून अधिक विचारण्यासारखे फारसे नाही. पहिल्याचे उत्तर सुरक्षा झडप, व ती दर खेपेस हाताने उचलून पाहणे. पाणी दाखविण्यास काचेची नळी. आणि शेवटच्याचे उत्तर असे की, पाणी संपण्यापूर्वी इंधन संपले पाहिजे. म्हणून गॅसची टाकी बेतानेच भरावी, व बॉयलरात पाणी नव्याने भरल्याखेरीज ती पुन्हा भरू नये. शेजारच्या मुलाच्या बॅटरीवरील बोटीस मागे टाकण्यासाठी झडपेचा स्क्रू जरा आवळावा, अशी एक सूचना चिरंजीवांकडून आली. वहिनींनी त्याच्याकडे नुसते पाहिले.

अखेर तपासणीचा दाखला असलेला तांब्याचा बॉयलर व दोन सिलिंडरचे डोलते यंत्र आले. पावसाचे गाळलेले पाणी १८० ग्रॅम भरले. वाफेच्या यंत्राचे दाट तेल तेलपात्रात घातले. तेथे वाफेचे पाणी होऊन ते तळाशी जाते व तेवढेच तेल वर उचलून यंत्राकडे धाडते. निघणाऱ्या वाफेतले तेल तळ्यात जाऊ नये म्हणून वाटेत एक डबी बसविली. प्रथम चक्र हाताने सावकाश फिरवून सिलिंडरमधील थंड पाणी काढले. ते तसेच राहिले तर दट्ट्या अडतो व दांडा वाकतो. मग नौका पाण्यावर गेली. तिचा आवाज फार थोडा; मागे पांढरा धूसर पिसारा तेवढा. सतरा मिनिटांनी गॅस संपला, चक्र मंदावले, व वाऱ्याने तिला काठाशी आणून सोडले.

बॉयलर कोमट असतानाच मुलाने उरलेले पाणी मापात ओतले. ४५ ग्रॅम भरले. त्याने आकडा वहीत लिहिला. वहिनींनी वही मागून घेऊन तो वाचला, माप स्वतः उजेडात धरून पाहिले, आणि पुढच्या रविवारची परवानगी दिली.