पाणी कोणी भरले?

सगळे दोष बायकांच्याच माथी का, असा खडा सवाल ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’मध्ये केला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुस्तक पुन्हा उजेडात आणले. स्त्री-अभ्यासाच्या तासाला एवढे सांगतो न सांगतो तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आता कुठे तसे राहिले आहे?”

मी विचारले, “आज घरी पाणी कोणी भरले?”

आई, बहीण, वहिनी... उत्तरे भराभर आली. मी (खोटे कशाला बोला!) विजयी मुद्रेने खडू उचलला. तेवढ्यात एरवी तोंडातून अक्षर न काढणारी एक मुलगी उठली. “आणि सर, तुमच्या घरी?”

आमच्याकडे नळ पहाटे साडेचारला येतो. हे मला ऐकून ठाऊक आहे.