मुक्कामाचे शहर

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी लेहची बाजारपेठ गाठायला दोनशे मीटर कमीच पडतील. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या जेमतेम ६५ टक्के उरतो. हवेतील प्राणवायूचा वाटा बदलत नाही. पण हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासासोबत छातीत येणारा प्राणवायू एकतृतीयांशाने घटतो. हे सारे तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले असेल. ही विरळ हवा दोन माणसांच्या मैत्रीतही कशी शिरते, हे मात्र त्या पुस्तकात सापडणार नाही.

माझी मैत्रीण एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या स्वयंपाकघरातील फडताळाच्या दाराला आतून एक छायाचित्र चिकटवलेले आहे. खार्दुंग ला येथील पिवळ्या फलकाचे. ‘ला’ या शब्दाचाच अर्थ खिंड असा आहे, हे तिला चांगले ठाऊक आहे. तरी ती ‘खार्दुंग ला खिंड’ असेच म्हणते आणि तिच्या नादाने मीही. बावीस वर्षांच्या रात्रपाळ्या, सासूबाईंचे आजारपण, मुलाचे शिक्षण यांतून शिल्लक राहिलेली बारा दिवसांची रजा तिने या फलकासाठी राखून ठेवली होती. एका ऑगस्टमध्ये आम्ही दोघी पाठीवर एकेक सॅक घेऊन निघालो. विमानाने दिल्लीहून सव्वा तासात लेहला पोहोचता येते. परंतु उंची अंगवळणी पडावी म्हणून आम्ही श्रीनगरहून ४२० किलोमीटरचा रस्ता धरला. एक रात्र कारगिलला काढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चांग्स्पा भागातील एका घरगुती निवासात सॅक उतरवल्या. घरच्या मालकीणबाईंना सगळे ‘आमा-ले’ म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

त्या रात्री मला जाग आली ती शांततेने. शेजारच्या खाटेवरचा श्वास थांबला होता. मी मोजू लागले. सात, आठ, नऊ... मग एक खोल, ओढून घेतलेला श्वास, त्यामागून चार-पाच घाईचे, आणि पुन्हा सारे स्तब्ध. उंचीवर झोपेत असे होणे स्वाभाविक आहे. मेंदूला श्वासाचे नवे गणित जुळवायला काही रात्री लागतात, असे तिनेच मला प्रवासाआधी समजावले होते. पण समजलेली गोष्ट आणि अंधारात ऐकू येणारी गोष्ट यांत अंतर असते. पहाटेपर्यंत मी तिचे श्वास मोजत राहिले.

सकाळी तिचे डोके ठणकत होते. दुपारी उलटी झाली. तिने सॅकच्या वरच्या कप्प्यातून बोटाला लावायचे यंत्र काढले आणि आकडा पाहिला : ७९. माझा ८९ होता. आम्ही एकाच वाहनातून आलो होतो, एकाच ताटातले जेवलो होतो. शिवाय माझ्यापेक्षा ती कितीतरी काटक. डोंगराची ही बाधा काटकपणा विचारत नाही. जिल्हा रुग्णालयात तिला तासभर प्राणवायू लावला गेला. डॉक्टर म्हणाले, डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत इथून वर जायचे नाही आणि वाढलीच तर लगेच खाली उतरायचे.

खार्दुंग लाकडे जाणारी जीप तिसऱ्या दिवशी सकाळी ठरली होती. पैसे आगाऊ दिले होते. सहा वाजता दारात भोंगा वाजला, तेव्हा ती बूट घालून खाटेच्या कडेवर बसलेली होती.

“नुब्राचे खोरे तर लेहपेक्षा खाली आहे,” ती म्हणाली. “म्हणजे मी खालीच जाते आहे.”

“मधे ५,३५९ मीटरची खिंड आहे.”

“मग तू तरी जा. माझ्या उशाशी बसू नकोस.”

मी गेले नाही. त्यावर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तुमच्यापैकी पुष्कळजण घर, नोकरी आणि अभ्यास एकाच वेळी ओढत असाल. म्हणून ही गोष्ट तुम्हांला वेगळी सांगायला नको. आयुष्यभर इतरांच्या उशाशी बसलेल्या बाईला आपल्या उशाशी कुणी बसलेले सोसत नाही. तिला खिंड हुकल्याचे दुःख होतेच. पण आपल्यापायी दुसऱ्याची खिंड हुकली, हे अधिक टोचत होते. संध्याकाळी आमा-लेंनी सातूच्या पिठाची पातळ पेज तिच्यापुढे ठेवली आणि हाताने जमीन थोपटावी तशी खूण करून म्हटले, “कुले, कुले.” सावकाश, सावकाश. तिने पेज प्यायली आणि मग मला म्हणाली, “अगं, तू जेवलीस का?” भांडण तेवढ्यावर मिटले.

चौथ्या दिवसापासून आम्ही जुने लेह पाहू लागलो, तिच्या श्वासाच्या मापाने. चाळीस पावले आणि थांबा. पुन्हा चाळीस पावले. इतक्या संथपणे शहर पाहण्याची वेळ क्वचितच येते. जामा मशिदीमागच्या गल्लीत पहिला थांबा पडला तो नानवाईच्या दुकानापाशी. तिथे तंदूरच्या आतल्या भिंतीला थापलेल्या रोट्या लांब सळीने काढल्या जात होत्या. या रोटीला तागी म्हणतात. तंदुरी रोटीचा हा व्यवसाय काश्मीर आणि मध्य आशियाच्या वाटांनी इथवर पोहोचला. पुढच्या चाळीस पावलांवर त्सास सोमा लागले. आज तिथे मध्य आशियाई संग्रहालयाची दगडी इमारत आहे; पूर्वी ही काफिल्यांचे तळ पडण्याची बाग होती.

इथे उभे राहिल्यावर या शहराचा स्वभाव ध्यानात येतो. लेहभोवती शेती थोडी, पाऊस वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर; केवळ पिकांच्या जोरावर एवढे शहर उभे राहिले नसते. ते उभे राहिले मुक्कामांवर. यारकंदहून रेशीम, नमदे आणि गालिचे येत; पंजाबातून सुती कापड, नीळ, मसाले; चांगथांगच्या पठारावरून पश्मिना लोकर येई आणि काश्मीरच्या मागांकडे जाई. यारकंदची वाट खार्दुंग ला, सासेर ला आणि ५,५४० मीटर उंचीची काराकोरम खिंड ओलांडून जात असे आणि तिला महिनाभराहून अधिक काळ लागे. तेव्हा लेहमध्ये पोहोचलेला व्यापारी थांबे. खिंडीतले बर्फ वितळेपर्यंत, घोड्यांच्या पाठीवरच्या जखमा भरेपर्यंत, मालाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत. काहीजण इतके थांबले की त्यांनी इथेच घरे केली. यारकंदी आणि काश्मिरी व्यापारी व लडाखी स्त्रिया यांच्या वंशजांचा आर्गोन हा समाज अशा मुक्कामांतूनच निर्माण झाला. १९४९ च्या सुमारास शिंच्यांगकडील सीमा बंद झाली आणि काफिले संपले. आर्गोन कुटुंबे राहिली, नानवाई राहिले.

अशा एका काफिलेवाल्याचे नाव तुम्ही बातम्यांतून ऐकले आहे. फक्त ते नदीचे नाव म्हणून. गुलाम रसूल गलवान हा लेहचा. लहानपणापासून तो परदेशी प्रवाशांच्या तांड्यांबरोबर हमाल आणि घोडेवाला म्हणून चालला आणि पुढे तांड्यांचा प्रमुख झाला. गलवान खोऱ्याला त्याचेच नाव मिळाले. एका अमेरिकन प्रवासी दांपत्याच्या आग्रहावरून तो मोठेपणी इंग्रजी लिहायला शिकला आणि त्या मोडक्यातोडक्या, पण स्वतःच्या इंग्रजीत त्याने आत्मवृत्त लिहिले. ‘सर्व्हंट ऑफ साहिब्स’ हे ते पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्यांची ओझी वाहणाऱ्याने संध्याकाळी तळावर बसून एकेक शब्द जमवत केलेले हे लेखन मला त्या साहेबांच्या कित्येक जाडजूड प्रवासवर्णनांहून मोलाचे वाटते. मैत्रिणीने त्याची हकीकत ऐकली आणि विचारले, “त्याला डोंगर लागत असेल का गं?” इतिहासाला असा प्रश्न विचारणारी दुसरी व्यक्ती मला भेटलेली नाही.

जुन्या शहराच्या गल्ल्या काही ठिकाणी घरांच्या पोटाखालून जातात. खाली दगड, वर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, छपराला सफेद्याच्या तुळया, त्यावर विलोच्या काटक्या आणि माती, अशी ही घरे. कोरड्या हवेत शतकानुशतके टिकणाऱ्या या मातीला पाऊस मात्र सोसत नाही. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री ढगफुटी झाली, तेव्हा लेह आणि आसपास दोनशेहून अधिक माणसे दगावली. वर नऊ मजली राजवाडा उभा आहे. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल या राजाच्या काळी तो बांधला गेला. ल्हासाच्या आजच्या पोताला प्रासादाचे काम १६४५ मध्ये सुरू झाले, त्याच्याही आधी. १८३४ मध्ये जोरावरसिंगाच्या डोग्रा फौजा आल्या आणि राजघराणे सिंधू नदीपलीकडे स्टोकला गेले. राजवाड्याचे जिने आम्ही मजल्यागणिक बसत चढलो. मला राजवाड्यापेक्षा त्याच्या खिडकीतून दिसणारी छपरेच अधिक आवडली; त्यांवर हिवाळ्यासाठी जनावरांचा चारा आणि जर्दाळू वाळत घातले होते.

पाचव्या दिवशी तिची डोकेदुखी गेली. आकडा ८८ झाला. सहाव्या दिवशी, परतीच्या आदल्या दुपारी, आम्ही नामग्याल त्सेमोच्या टेकडीवर गेलो. चढायला दीड तास लागला. सोळाव्या शतकातील त्या किल्ल्याच्या पायथ्याशी पताका फडफडत होत्या. एका बाजूला सारे लेह आणि त्यापलीकडे सिंधूचे खोरे. दुसऱ्या बाजूला उघड्या डोंगरावरून वळणे घेत खार्दुंग लाकडे चढणारा रस्ता. मालमोटारी मुंग्यांएवढ्या दिसत होत्या.

खिंडीतल्या फलकावर पूर्वी १८,३८० फूट असे लिहिलेले असे. नव्या मोजणीत ती १७,५८२ फूट भरते. मी तिला हे सांगितले.

“म्हणजे आठशे फूट आपोआपच वाचले,” ती म्हणाली, आणि इतकी हसली की दम लागून खाली बसली. मग तिने यंत्र बोटाला लावले, आकडा पाहिला, माझ्या बोटालाही लावला. दोघींचे आकडे सारखे होते. तिने पिशवीतून सकाळची तागी काढली, अर्धी मोडून मला दिली आणि रस्त्यावरची एकेक मालमोटार वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली.