आधी कारण शोधा!

वर्षावास नुकताच सुरू झाला होता. आदल्या रात्री विहारात ग्रंथवाचन झाले. विषय होता कार्यकारणभावाचा. कारणाशिवाय काहीही घडत नाही, हे ऐकून आम्ही पुढच्या रांगेत बसून चांगली मान डोलावली आणि घरी येऊन झोपलो. रात्रभर पाऊस कोसळत होता.

सकाळी आमच्या थोरल्या मुलीची मुलाखत होती. तिने आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स पूर्ण केला आहे. बुटीबोरीच्या एका कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस घेणार होते, वेळ दहाची. आमच्या उमरेडहून बुटीबोरी म्हणजे पावसाळ्यात तासाभराहून जास्तीचाच रस्ता. एस.टी.च्या भरवशावर राहण्यापेक्षा मोटारसायकलनेच सोडून यावे, असे आम्ही ठरवले होते. आठ वाजता कागदपत्रांची पिशवी घेऊन बाहेर आलो, चावी फिरवली, सेल्फचे बटण दाबले. इंजिन खर्र-खर्र करून फिरले, पण पेटले नाही. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

आमची जुनी गाडी 1989 सालची होती. ती रुसली की काय करायचे ते आम्हाला पाठ होते. पेट्रोलचा कॉक पाहायचा, चोक ओढायचा, गाडी एका अंगावर कलती करायची, प्लग काढून घासायचा आणि किक मारायची. या नव्या गाडीला ना चोक, ना कॉक, ना किक! 1 एप्रिल 2020 पासून देशात बी.एस. सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि मोटारसायकलींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंधन फवारणारे इंजेक्टर आले. टाकीतला विजेवर चालणारा पंप दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो आणि किती फवारायचे ते एक छोटासा संगणक ठरवतो. म्हणजे वीज नाही तर पेट्रोलही नाही. हे आम्हाला ऐकून माहीत होते, पण हाताला माहीत नव्हते.

तोवर चार माणसे जमली. शेजारचे काका म्हणाले, "नवी गाडी आहे, दृष्ट लागली असेल. लिंबू-मिरची बांधा." आम्ही जरा ताठ्यानेच उत्तर दिले, "काका, आमच्या घरात दीक्षेपासून ते बंद आहे." आणि एवढे बोलून आम्ही काय केले? दोन पोरांना हाताशी धरून गाडीला धक्का मारायला लागलो! चौकापर्यंत ढकलत नेली, परत आणली. अंगावरचे कपडे घामाने आणि पावसाने भिजले. मेकॅनिकला फोन लावला, तर गाडी न पाहताच तो म्हणाला, "पंप गेला असेल. पाच-सहा हजार धरून चाला." आमच्या आयुष्मतींचा चेहरा उतरला. साडेआठ वाजून गेले होते.

मुलगी आतापर्यंत पायरीवर गप्प उभी होती. ती खाली आली आणि म्हणाली, "बाबा, थांबा. सगळे जरा दोन मिनिटे शांत राहा. मला ऐकायचे आहे."

काय ऐकायचे ते आम्हाला कळेना. तिने लाल इंजिन-बंद बटण पाहिले, ते चालूवर होते. साइड स्टँड वर केला, गाडी न्यूट्रलमध्ये घेतली. आम्हाला विचारले, "रात्री वाऱ्याने गाडी पडली होती का?" गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर कित्येक गाड्यांत असतो, अशा वेळी गाडी उभी करून चावी एकदा बंद-चालू करावी लागते. पण गाडी पडली नव्हती. टाकीत पेट्रोल होते. मग तिने चावी फिरवली आणि टाकीजवळ कान नेला. चावी चालू केली की पंप दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज करतो. तो आवाज आलाच नाही.

"पंपच गेला ना मग?" आम्ही म्हणालो.

"पंप बोलत नाही एवढेच कळले, बाबा. तो मेला की उपाशी आहे, ते अजून पाहायचे आहे."

तिने आय.टी.आय.तला मीटर आणला. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास, म्हणजे ठीक. सीट काढून फ्यूजची डबी उघडली. या गाडीत पंपाला वेगळा फ्यूज आहे. तो काढून तिने उजेडात धरला. आतली बारीक तार तुटलेली होती.

काका लगेच म्हणाले, "चांदीचा कागद गुंडाळून घाल, चालू होईल." मुलगी म्हणाली, "काका, फ्यूज हा पहारेकरी आहे. जास्तीची वीज आली म्हणून त्याने जीव दिला. पहारेकरी हटवला तर वायरिंग जळेल, आणि वर पेट्रोलची टाकी आहे." डबीत त्याच आकड्याचा जादा फ्यूज होता, तरी तिने तोही लगेच बसवला नाही. "आधी हा का उडाला ते पाहू. नाहीतर दुसराही उडेल."

ती तारांवरून बोट फिरवत गेली आणि सीटखाली एका जागी थांबली. पंपाकडे जाणारी तार सोलून तिला दुसरी तार पिळलेली होती. वरची चिकटपट्टी पावसाने सुटली होती आणि उघडी तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकली होती. ही दुसरी तार जात होती मागच्या मडगार्डवरच्या निळ्या दिव्यांच्या पट्टीकडे.

ती पट्टी आम्हीच बसवून घेतली होती. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत गाडी निळी झळकावी म्हणून, रस्त्याकडेच्या एका दुकानात, दहा मिनिटांत! तार कुठून घेतली हे आम्ही विचारलेही नव्हते. मुलगी काही बोलली नाही. पण आम्हाला मान वर करवेना.

तिने जोड सोडवली, सोललेली जागा नीट गुंडाळली, फ्यूज बसवला आणि चावी फिरवली. घूं असा आवाज आला. सेल्फ दाबताच गाडी सुरू झाली. नऊला दहा मिनिटे कमी होती. आम्ही हेल्मेट उचलले, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही भिजला आहात. मी एकटी जाते." लायसन्स तिच्याकडे होतेच. ती गेली आणि वेळेत पोहोचली. मुलाखतीचा निकाल कळायचा आहे.

त्या दिवशी आम्ही बराच वेळ ओट्यावर बसून होतो. लिंबू-मिरची आम्ही सोडली, पण न पाहता धक्का मारणे, न तपासता पाच हजार खर्चायला तयार होणे, ही आमची लिंबू-मिरचीच नव्हे काय? दुःख आहे एवढे सांगून भगवान बुद्ध थांबले नाहीत. दुःखाला कारण आहे, ते दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, हेही त्यांनी सांगितले. आम्ही ते रात्री ऐकले. मुलीने सकाळी वापरले.

आणि बाबासाहेब? 1942 साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदत मागितली होती. त्यांच्या नावाने आम्ही दिवे लावले. तिने त्यांनी दाखवलेली वाट धरली. जयंतीला दिवे जरूर लावावेत, पण तार कुठे जोडली जाते ते विचारून.

वाचक बंधू-भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे. गाडी सुरू होत नसेल तर क्रमाने पाहा: बंद बटण, स्टँड, पेट्रोल, पंपाचा आवाज, बॅटरी, फ्यूज. टाकी अगदी तळाला जाऊ देऊ नका, कारण टाकीतले पेट्रोलच पंपाला थंड ठेवते. आणि हे घरातल्या मुलींनाही शिकवा. आमच्या घरी तर मुलीनेच आम्हाला शिकवले.

जयभीम!