शिवण

सेकंडहँड कपडे घेऊ नयेत असं आई म्हणते. तिचं बरोबर निघालं की मला जास्त राग येतो.

झालं काय, ऑफिसातल्या एका मित्राने त्याचा तीन मिलिमीटरचा वेटसूट निम्म्या किमतीत दिला. मित्र सहा फुटी आणि काटकुळा. मी साडेपाच फूट, आणि चार वर्षं कँटीनमधला वडापाव हादडलेला! गळा आवळत होता, पण पाण्यात गेल्यावर बसेल नीट, म्हणून तसाच घुसलो. तारकर्लीला पाच मीटरवर डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. छाती भरून श्वास घेता येईना. इन्स्ट्रक्टरने माझे डोळे बघितले आणि हाताला धरून सावकाश वर आणलं. बोटीवर त्याने पहिल्यांदा पाठीची चेन उघडली. कॉलर घट्ट असली की मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि चक्कर येते, हे तिथे कळलं. "सूट आधी सारखो कर, मगे ये," एवढंच बोलला.

पुण्यात दोन शिंप्यांनी सूट हातात घेऊन बघितला आणि "हे रबर आहे साहेब" म्हणून परत दिला. राहता राहिली आई. तिची अडचण अशी की मी 'मालवणला फिरायला' जातो एवढंच तिला माहीत होतं.

सांगावं लागलं. अर्थात पाच मीटरचा भाग गाळून.

ती काही बोलली नाही. चष्मा लावला आणि सूट उलटा केला. निओप्रीन म्हणजे आत असंख्य बंद बुडबुडे असलेलं रबर, ऊब त्या बुडबुड्यांमुळे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या डोक्यातून हे निघालं: अंग कोरडं ठेवायची गरजच नाही, पाण्याचा पातळ थर आत राहिला तरी चालतो. पण तो थर हलता कामा नये. म्हणून सूट सैलही नको. आणि शिवणीची भोकं आरपार गेली की गार पाणी आत-बाहेर करतं. त्यामुळे सुई जाडीच्या अर्ध्यातूनच परत फिरवायची असते. मी हे मोठ्या ऐटीत समजावत होतो.

"म्हणजे तुरप," आई म्हणाली.

लेक्चर संपलं.

कापडाचा प्रश्नही तिनेच सोडवला. पाय लांब होतेच, प्रत्येकी चार इंच कापले. त्यातून दोन्ही बगलांखाली पट्ट्या, आणि उरलेल्या तुकड्यातून गळ्याला त्रिकोण. निओप्रीनचं सिमेंट मी मुंबईहून आणलं होतं. दोन्ही कडांना पातळ हात, दहा मिनिटं वाळू द्यायचं, पुन्हा एक हात, बोटाला चिकटेनासं झालं की मगच कडेला कड. एकदा चिकटलं की संपलं, अनडू नाही! मी घाईने पहिली पट्टी वाकडी बसवली आणि ती ब्लेडने कापून परत करावी लागली. "पंक्चरवाला बघितला नाहीस का कधी? सोल्युशन लावून तो फुंकर मारत बसतो, गप्प," इति मातोश्री. मग गादीवाल्याची वाकडी सुई घेऊन आतून टाके. तीन रविवार गेले. बाल्कनीत वास तर असा की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

गळ्याचं माप घेताना तिने टेप सैल धरली आणि दोन बोटं आत घातली.

"इथेच आवळत होतं ना?"

"हो."

"मग काय झालं होतं?"

सांगितलं. टेप तशीच गळ्यात राहिली थोडा वेळ. नंतर तिने खडूची खूण अर्धा इंच बाहेर सरकवली.

डिसेंबरमध्ये गेलो. अकरा मीटर, बत्तीस मिनिटं, गळा मोकळा. किनाऱ्यावर येऊन फोन केला, तर पहिला प्रश्न, "उसवलं का कुठे?"

"डाव्या बगलेत. दोन टाके."

"गोड्या पाण्यातून काढ आणि सावलीत वाळव. घडी घालू नकोस. घेऊन ये."