बाणाची काडी

धनुष्याचं कौतुक सगळ्यांना असतं. प्रदर्शनात माझ्या टेबलाशी आलेला माणूस आधी धनुष्य उचलतो, दोरी ओढून बघतो, बायकोला फोटो काढायला सांगतो. बाण सहसा कुणी हातात घेत नाही. घेतलाच तर टोक बोटाला टोचून बघतो आणि ठेवून देतो. पण धनुष्य थोडं डावं-उजवं असलं तरी तिरंदाज आठवड्याभरात त्याच्याशी जमवून घेतो. बाणांशी असं जमवून घेता येत नाही, कारण बाण एक नसतो. सहा बाण सहा तऱ्हेचे निघाले की नेम कितीही पक्का असो, निशाणावर सहा दिशांना सहा भोकं. एक चांगला बाण कुणीही हौशी माणूस करेल. एकसारखे सहा करणं अवघड, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम बांबूच्या बेटात, कोयता हातात असतानाच झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं.

हे पटायला बाण सुटताना काय होतं ते माहीत हवं. दोरी बाणाला मागून ढकलते, पुढचं जड टोक जागचं हलायला कुरकुरतं, आणि मधल्यामध्ये काडी वाकते. एकदा इकडे, एकदा तिकडे अशी लवत ती धनुष्याच्या मुठीला वळसा घालून बाहेर पडते आणि पुढे हळूहळू सरळ होते. अमेरिकेतल्या रॉबर्ट एल्मर यांनी याला तिरंदाजाचा विरोधाभास म्हटलं, आणि १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान छायाचित्रांतून ते वाकणं लोकांना दाखवलं. म्हणजे काडी वाकायलाच हवी, पण धनुष्याच्या ताकदीला शोभेल इतकीच. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असला तर डावीकडे जातो, फार लवचीक असला तर उजवीकडे. कुणाच्या बाणात किती लवचीकपणा असावा हे ठरवता येतं. तो सगळ्या काड्यांत सारखा कुठून आणायचा, हा प्रश्न जंगलात सोडवावा लागतो.

विदर्भात आणि सातपुड्यात आपल्याकडे मुख्यतः मानवेल बांबू मिळतो. कटांग हा दुसरा बांबू काटेरी, जाड आणि पोकळ. शिडीला आणि मांडवाला उत्तम, बाणाला निरुपयोगी. कोकणातला बांधावरचा माणगा सरळ आणि बराचसा भरीव. तो चिरून, तासून गोल काड्या काढायला चांगला. घाटावरची चिवारी बारीक आणि चिवट असते, तिच्याही काड्या होतात. पण अख्ख्या काडीचा बाण करायचा तर माझी पसंती मानवेलाला, तोही कुठलाही नव्हे. ओढ्याकाठी, मातीवर वाढलेला मानवेल जाडजूड होतो आणि आतून पोकळ राहतो. तोच मुरमाड उतारावर, उन्हात, अर्धपोटी वाढला की बारीक आणि जवळजवळ भरीव निघतो. इमारतीचा बांबू बघणारा माणूस असल्या बेटाकडे ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे माझं कुणाशी भांडण नाही.

धडगावकडच्या एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याबरोबर मी अशा उतारावर फिरलो आहे. तिकडे तीरकामठा अजून घराघरांत टांगलेला दिसतो, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालपट्टीची असते. नाल्याच्या वळणावर मला एक देखणी, तुकतुकीत काडी दिसली. मी कोयता लावणार तोच तो म्हणाला, "दादा, ती नको. पाण्यावरची आहे." मग वर चढून गेल्यावर त्याने एक मळकट, डागाळलेली काडी दोन बोटांत धरली, कोयत्याच्या पाठीने टकटक केलं आणि माझ्याकडे न बघताच तोडली. घरी आणून चिरली तेव्हा आतलं भोक सुईच्या जाडीचं निघालं.

ते मळकटपण म्हणजे वय. बांबू जमिनीतून वर येतो तो पूर्ण जाडीचाच, आणि एका हंगामात पूर्ण उंची गाठतो. पुढे तो जाड होत नाही, फक्त आतून कठीण होत जातो. पहिल्या वर्षाचा पोर हिरवागार असतो, अंगावर पांढरी भुकटी असते, गाठींना कोशाची सालं चिकटलेली असतात. ती काडी वाळली की सुरकुतते आणि बाण म्हणून काही कामाची नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हिरवा रंग उडतो, अंगावर शेवाळाचे करडे ठिपके येतात, टकटक केल्यावर बद्द न वाजता खणखणीत वाजतं. अशीच घ्यायची. नवे बांबू बेटाच्या कडेला फुटतात, जुने आत अडकतात. म्हणून आत शिरावं लागतं, ओरबाडून घ्यावं लागतं. कडेचे सोपे बांबू तोडत गेलो तर पुढच्या वर्षी बेटच उरणार नाही. काप जमिनीजवळच्या गाठीच्या लगेच वर द्यायचा. कांड्याच्या मध्यावर दिला तर खुंटाची वाटी होते, तिच्यात पावसाचं पाणी साचतं आणि कंद कुजतो.

हंगाम दसऱ्यानंतरचा. घरी शस्त्रपूजा झाली की माझा कोयता धार लावायला जातो, आणि माघापर्यंत तोड चालते. पावसाळ्यात नवे कोंब फुटताना बांबू साठवलेला स्टार्च खर्च करतो, त्यामुळे पावसाळा संपल्यावर काडीत तो कमी असतो. उन्हाळ्यात तोडलेल्या बांबूत तो भरलेला असतो आणि भुंग्याला मेजवानी मिळते. काडीला बारीक भोकं आणि खाली पिवळसर पिठाचा ढीग दिसला की समजावं, घुण लागला. अमावास्येच्या आसपास तोडलेल्याला घुण लागत नाही असं अनेक ठिकाणी सांगतात. मी महिना बघतो, तिथी बघत नाही. पण बरोबरच्या माणसाने तिथी सांगितली तर वादही घालत नाही, त्याच्या गावात तो जाणता असतो. मोळ्या बांधून दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्या तर उरलेला गोडवा निघून जातो, हे मात्र सरळ अनुभवाचं आहे.

जंगलात मनाला येईल तसं कोयता घेऊन शिरता येत नाही, हे हौशी मुलांना मी पहिल्यांदा सांगतो. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आला आणि गावांच्या हाती त्याचा हक्क आला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळवला, ही देशातली पहिली घटना. त्यामुळे अशा ठिकाणी ग्रामसभेशी बोलायचं, पैसे मोजायचे, पावती घ्यायची. खासगी जमिनीवरचा बांबू २०१७च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून बाहेर पडला, आणि शेतकऱ्याच्या बांधावरून काड्या आणणं सोपं झालं. शेतकऱ्याला जाड बांबू विकायचा असतो, मला त्याच्या लेखी कचरा असलेल्या बारीक काड्या हव्या असतात. व्यवहार चहावर मिटतो. बांधावरच्या दाट बेटातल्या बारीक काड्या मात्र नीट पारखाव्यात. उन्हासाठी धडपडत वाढल्याने त्यांची कांडी लांबलचक आणि भुसभुशीत असू शकतात.

आता मूळ मुद्दा. करंगळीएवढ्या जाडीची, हातभर अंतरावर सरळ दिसणारी काडी मिळाली की हात शिवशिवतो, आणि इथेच नवखा फसतो: इकडून एक, तिकडून एक अशा देखण्या काड्या गोळा करतो. मी एकाच बेटाच्या, एकाच उताराच्या, एकाच वयाच्या काड्या घेतो. जमल्यास गाठींचं अंतरही जुळवतो, कारण गाठ ताठ असते आणि काडी कुठे लवणार ते तीच ठरवते. खालच्या, फांद्या न फुटलेल्या भागातून तुकडा काढायचा. फांदी फुटली की तिच्या वरच्या कांड्यावर पन्हळ पडते आणि त्या बाजूला काडी कमजोर होते. तयार बाण अडीच फुटांच्या आत-बाहेरचा असला तरी तोडायची तीन फूट. वाळताना टोकं फाटतात.

मोळ्या घट्ट बांधून सावलीत, वाऱ्यावर काही महिने सोडून द्यायच्या. घाईने उन्हात टाकलेली ओली काडी तडकते. पुढचं काम निखाऱ्यांवर. काडी सतत फिरवत तापवायची, साल किंचित चमकायला लागली की गुडघ्यावर किंवा खाच पाडलेल्या लाकडात दाबून सरळ करायची आणि थंड होईपर्यंत तशीच धरायची. आधी कांडी, मग गाठी. गाठीचा उंचवटा कानशीने उतरवायचा, पण साल शक्यतो खरवडायची नाही, कारण बांबूचे सगळ्यात दाट धागे सालीलगतच असतात. दोरीची खाच अशी कापायची की तिच्या लगेच खाली गाठ येईल. खाचेपासून सुरू झालेली चीर गाठीशी थांबते. गाठ नसेल तर दोरा गुंडाळून सरसाने पक्कं करावं लागतं, नाहीतर एक दिवस काडी उभी फाटून हातात घुसते.

मग परीक्षा. भिंतीवर दोन खिळे, मध्ये २६ इंच अंतर. त्यांवर काडी आडवी ठेवायची आणि बरोबर मध्यावर दोन पौंडांचं म्हणजे साधारण ९०७ ग्रॅमचं वजन टांगायचं. ती किती इंच वाकली ते मोजून २६ला त्याने भागायचं: अर्धा इंच वाकली तर ५२. काडी थोडी फिरवून पुन्हा मोजलं की आकडा बदलतो, कारण नैसर्गिक काडी सगळ्या बाजूंनी सारखी नसतेच. सगळ्यात ताठ बाजूला शिसपेन्सिलीने खूण करायची आणि प्रत्येक बाणात तीच बाजू मुठीकडे ठेवायची. मग ग्रॅमच्या काट्यावर वजन. एवढ्या चाळणीतून शंभरातले दोन संच निघाले तर तो हंगाम चांगला.

देशी धनुष्याच्या 'इंडियन राऊंड' स्पर्धा ३० आणि ५० मीटरवर होतात, आणि खेड्यापाड्यांतल्या अनेक मुलांची तिरंदाजी तिथूनच सुरू होते. त्यांच्या हातात बहुतेकदा दुकानातून डझनाच्या भावाने आणलेले बाण असतात. कधी एखादा प्रशिक्षक तक्रार करतो की पोराचा हात स्थिर नाही. मी त्याचे बाण मागवतो, खिळ्यांवर ठेवतो. एक ४० दाखवतो, दुसरा ६५. पोराचा हात तपासायची गरज अजून तरी पडलेली नाही.

संचात न बसलेल्या काड्या फेकत नाही. ताठ निघालेल्या जोरदार धनुष्याच्या मुलांसाठी बाजूला ठेवतो, लवचीक लहान मुलांच्या शिबिरासाठी. घुण लागलेल्या आणि वाकड्या शेजारी घेऊन जातात. त्यांच्या परसातल्या टोमॅटोला टेकू लागतातच.