गाणी नसलेली रात्र

'इत्तेफाक'मध्ये एकही गाणं नाही. साल १९६९, नायक राजेश खन्ना, आणि गाणं नाही! त्याच वर्षी 'आराधना'च्या गाण्यांनी लोकांना वेड लावलं होतं. सायरा बानू आजारी पडल्यामुळे चोप्रांच्या 'आदमी और इन्सान'चं काम अडलं होतं. त्या खोळंब्यात यश चोप्रांनी 'धुम्मस' हे गुजराती नाटक हाती घेतलं आणि महिनाभरात हा छोटासा सिनेमा उभा केला. बहुतेक सगळा एका घरात, एका वादळी रात्री घडणारा. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला एक चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि एकट्या बाईच्या घरात शिरतो. बस्स, एवढंच भांडवल.

आईच्या लेखी मात्र हा सिनेमा राजेश खन्नाचा नव्हताच. तो त्या एकट्या बाईचा, म्हणजे नंदाचा होता.

"विनायकरावांची लेक ती," आई म्हणायची, जणू शेजारच्या गल्लीतली. आई कोल्हापूरची, त्यामुळे तिथलेच दिग्दर्शक मास्टर विनायक तिला घरचेच वाटत. ते १९४७ साली गेले तेव्हा नंदा अगदी लहान होती. बेबी नंदा म्हणून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली आणि पुढं घराचा भार तिनं उचलला. आईचे वडीलही ती शाळेत असतानाच गेले होते. धाकट्या भावंडांचं सगळं तिनंच केलं, स्वतःचं शिक्षण सोडून. या दोन गोष्टी तिनं कधी एकत्र बोलून दाखवल्या नाहीत. मला त्या फार उशिरा जोडता आल्या.

'छोटी बहन'पासून नंदा म्हणजे सोशिक, सज्जन बहीण. अशा बाईला यश चोप्रांनी या घरात एकटं ठेवलं, हीच या सिनेमाची सगळ्यात हुशार चाल. रहस्यपटाचा शेवट कळला की तो संपतो असं म्हणतात. आईचं उलट होतं. दूरदर्शनवर 'इत्तेफाक' पुन्हा लागला तेव्हा ती मला म्हणाली, "आता गोष्ट बघू नकोस, हिच्याकडं बघ." आणि खरंच, तोच चेहरा, तीच भीती, पण दुसऱ्यांदा ती भीती वेगळीच वाचावी लागते. टेलिफोनकडे जाणारी नजर, बोलता बोलता मध्येच थांबणं, पाहुण्याशी एकदम मऊ होणं, प्रत्येकाला दोन अर्थ. गाणी असती तर हे सगळं विखुरलं असतं. पाऊस, वारा आणि शांतता यांवर सिनेमा तोलून धरलाय. त्याच्या ध्वनीला फिल्मफेअर मिळालं ते अगदी योग्य. दिग्दर्शनाचंही मिळालं. नंदाला फक्त नामांकन. याचा आईला शेवटपर्यंत राग होता आणि मलाही आहे.

सिनेमात उणिवा आहेत. राजेश खन्नाचं वेडेपण कुठंकुठं फार मोठ्यानं बोलतं, पोलिसांची चौकशी रेंगाळते. पण इफ्तेखार दारात उभे राहिले की धीर येतो, आणि डॉक्टर झालेले आपले गजानन जागीरदार दिसले की आई सरसावून बसायची.

२५ मार्च २०१४ ला नंदा गेली. आईनं मला फोन केला, "गेली गं," एवढंच म्हणाली आणि ठेवला. नंतर आईही गेली. २०१७ साली 'इत्तेफाक' नव्यानं आला, तेव्हा तो चांगला की वाईट हे विचारायला घरात कुणी नव्हतं. मी तो पाहिला नाही. जुना मात्र अजून लावते, पण "हिच्याकडं बघ" म्हणणारं माणूस शेजारी नसलं की त्या घरातल्या निम्म्या गोष्टी माझ्या नजरेतून निसटतात.

म्हणून शेवट इथं सांगितलेला नाही. तुमच्या घरात नंदा आवडणारं कुणी मोठं माणूस असेल, तर या रविवारी त्यांच्या शेजारी बसून 'इत्तेफाक' बघा. आणि त्यांना मध्ये बोलू द्या.